धाकूचा आराम

वागळे इस्टेटमधल्या एका फोर्जिंगच्या शॉपमध्ये धाकू भोईर घणवाला होता. घण मारणं म्हणजे जोर लावणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. नुसता जोर लावणारा दुपारपर्यंत टिकत नाही. घण उचलताना श्वास आत घ्यायचा. वर गेला की हात क्षणभर सैल सोडायचा आणि खाली येताना घणाला त्याच्याच वजनाने पडू द्यायचं. आपण फक्त वाट दाखवायची. ताकद खांद्यातून काढली तर खांदा जातो. ती कंबरेतून यावी लागते. हे धाकूला कुणी तोंडाने शिकवलं नाही. पहिल्या महिन्यात दोन्ही खांदे सुजले, तेव्हा अंगानेच शिकून घेतलं.

ऐरणीच्या पलीकडे दामाजी मिस्त्री बसायचा. सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि छोट्या हातोड्याने एक टिचकी मारायचा. टिचकी पडेल तिथेच घण पडला पाहिजे. बोलणं नाही. नवा माणूस ठेवला की दामाजी आठवडाभर त्याचं काम बघायचा नाही, त्याचा डबा बघायचा. दुपारच्या सुट्टीत डबा पुसून खाणारा माणूस बरोबर वापरला गेला, असा त्याचा हिशोब. डब्यात भाकरी उरवली तर एकतर अंगात ताप आहे, नाहीतर गडी हातचं राखून मारतोय. त्या शॉपमध्ये मेहनत मोजायची ही एकच रीत होती. घाम आला, मग भूक आली, तर काम झालं. धाकूने ही रीत अंगात भिनवली. पुढे तिनेच त्याचा घात केला.

एकोणीसशे नव्वद साली मालकाने शॉप बंद केलं. पॉवर हॅमर आणायचा होता म्हणतात, पण तो आला दुसरीकडे, गुजरातच्या बाजूला. दामाजी गावी गेला. धाकू डोंबिवलीच्या पूर्वेला आपल्या गावात घरी बसला. वय अडतीस. खांदे एवढे रुंद की तयार शर्ट त्याला कधी बसला नाही.

गाव आगऱ्यांचं. धाकूच्या बापाच्या भाताच्या जमिनीवर आता एका रंग बनवणाऱ्या कंपनीची भिंत होती आणि भिंतीमागे पाइप. जमिनी गेल्या तेव्हा कंपनीने गावकीला शब्द दिलेला: ज्या घराचं शेत गेलं, त्या घरातला एक माणूस कायम नोकरीत घेऊ, जशी जागा होईल तसा. कुणी आधी जायचं याची भांडणं नकोत म्हणून गावकीने गावदेवीसमोर चिठ्ठ्या टाकल्या आणि घरांची पाळी ठरवली. पाळी आली की त्या घरच्या माणसाने कंपनीच्या डॉक्टरकडून पास व्हायचं. एकदा नापास झाला तर आणखी एक संधी. दुसऱ्यांदा नापास, तर पाळी पुढच्या घराकडे आणि हे घर सगळ्यांच्या शेवटी. शेवटी म्हणजे कधीच नाही, हे लहान पोरालाही कळत होतं. जागा वर्षा-दोन वर्षांतून एखादी व्हायची.

धाकूच्या घरात पुरुष तो एकटा. बायको आवडाबाई आणि शाळेत जाणारी मुलगी हेमा. पाळी त्याची जवळ आलेली. त्याच्यानंतर कुंडलिकचं घर होतं, दोन गल्ल्या सोडून.

पाळी येईपर्यंत करायचं काय, हा प्रश्न होता. धाकू नाक्यावर हंगामी काम बघायला जायचा. मिळालं नाही की डोंबिवली स्टेशनच्या बाजूला फिरत राहायचा. तिथे त्याला जगन भेटला. जगन वागळेला बाजूच्या शॉपमध्ये फिटरचा हेल्पर होता. त्याने एका बोळात गाळा घेऊन व्हिडिओ गेमची तीन मशीनं टाकली होती. दाराला निळा पडदा. आत अंधार, पंखा एक आणि तोही जगनच्या डोक्यावर.

"ये भोईर, बस. पहिला गेम माझ्याकडून," जगन म्हणाला.

"पोराटोरांचा खेल हाय तो."

"अरे बस तर. कॉलेजची पोरं नोकऱ्यांचे अर्ज भरून इथेच येतात. तू काय वेगळा आहेस?"

धाकू स्टुलावर बसला. विमानाचा गेम होता. खाली आपलं विमान, वरून शत्रूची विमानं, एकामागून एक, थांबायचं नावच नाही. डाव्या हाताने दांडा, उजव्या हाताने बटण. धाकूने दांडा घणासारखा मुठीत धरला.

"हळू रे, उपटशील! मशीन आहे, ऐरण नाय," जगन ओरडला आणि रांगेतली पोरं हसली.

त्या दिवशी धाकूचं विमान लगेच पडलं. आठवड्याभरात पडायचं कमी झालं. महिन्याभरात पोरं म्हणायला लागली, "काका, तुमचा हात बसला." खरंच बसला होता. दामाजीच्या टिचकीवर घण टाकणाऱ्याची नजर ती. कुठून काय येणार हे त्याला आधी दिसायचं. बेकार माणसाला कुठेतरी आपण हुशार आहोत हे कळलं, की तो तिथून हलत नाही.

अंगाचं काय होत होतं, तेही त्याला दिसत होतं, पण त्याची नोंद तो चुकीच्या ठिकाणी करत होता. गेम सुरू झाला की दात दातांवर बसायचे. मानेची शीर ताडताड उडायची. छातीत ठोके असे पडायचे की शर्टाचा खिसा हलायचा. तळहात ओले, बोटं गार. आणि भूक मरायची. आवडाने सकाळी बांधून दिलेली तांदळाची भाकरी तशीच्या तशी संध्याकाळी परत यायची. धाकूचा हिशोब सरळ होता: भूक लागली नाही, म्हणजे काम झालं नाही. स्टुलावर बसलो होतो. उचललं काय? दांडा. त्याचं वजन किती? हेमाच्या फुटपट्टीएवढं.

पण पार्लरमधून उठून गावाच्या रस्त्याला लागला की पोटात आग पडायची. घरी येऊन तो दोघांचं जेवायचा. भात, सुक्या बोंबलाची चटणी, वर मिठातली मिरची. ताट झालं तरी हात थांबायचा नाही. भट्टीवरून येऊन जेवायचा तेव्हा चार घासांत डोळे जड व्हायचे आणि जेवण अंगी लागलं असं वाटायचं. आता पोट टम्म व्हायचं आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. झोपेत त्याचे पाय झटके द्यायचे.

"दिवसभर नाक्यावर काय गोनी उचलता काय?" आवडा विचारायची. "बकासुरासारखं खाताव, आनि डबा मात्र परत आनता."

"काम नाय मिलालं तर काय करू?"

"मंग खाता कशाच्या जोरावर?"

धाकू ताटात आणखी भात ओढायचा. पोट सुटलं. रुंद खांद्यांखाली ते लपून राहिलं, एवढंच.

पाळी आली ती पावसाळा संपता संपता. कंपनीच्या डॉक्टरची खोली गेटच्या आत, डाव्या हाताला. डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणारे. त्यांनी धाकूचे डोळे बघितले, कान बघितले, छाती ठोकली, आणि त्याच्या दंडाभोवती प्रेशर बघायचा पट्टा गुंडाळायला घेतला. पट्टा दंडाला पुरेना. त्यांनी मोठा मागवला. फुगा दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"एकशे सत्तर. खालचा एकशे आठ. आधी कधी सांगितलं होतं का कुणी?"

"नाय सायेब. मी घण मारायचो. मना काय होनार?"

"घण मारत होतात म्हणूनच आतापर्यंत झालं नसेल. इथे अ‍ॅसिडच्या टाकीवर चढायचं काम आहे. वर चक्कर आली तर खाली जमीन नाही, टाकी आहे." डॉक्टरांनी पट्टा काढला. "दोन आठवडे देतो. गोळी देतो. मीठ बंद. जड उचलायचं नाही, दगदग नको. पूर्ण आराम. पुन्हा बघू. माझ्या हातात एवढंच आहे."

धाकूने घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि घर कामाला लागलं. माळ्यावरची सुक्या मासळीची टोपली आवडाने त्याच दिवशी शेजारी नेऊन दिली. मिठाचं भांडं फळीवरून काढून देवाच्या मागे ठेवलं. ज्या घरातली म्हातारी माणसं मिठागरात राबून गेली, त्या घरात बिनमिठाची आमटी शिजायला लागली. हेमा तोंड वाकडं करून जेवायची आणि आवडा म्हणायची, "बापाला नोकरी लागू दे, मंग पोत्यानं खा मीठ."

विहिरीवरून पाण्याचे हंडे ती एकटी आणायची. बाया टोचून बोलायच्या.

"आवडे, राजा बसवलास काय गो घरात? नवसाचा?"

"हो, नवसाचा. दोन आठवड्यांचाच हाय. बघून घ्या."

रेशनच्या तांदळाची गोणी आणायला ती निघाली, तर रस्त्यात कुंडलिकने तिच्या हातून पिशव्या घेतल्या आणि गोणी स्वतः खांद्यावर टाकून दारात आणून ठेवली. ज्याची पाळी धाकूनंतर होती तो हाच. धाकू ओट्यावर बसला होता. दोघांना कुठे बघावं ते कळेना.

"कसं हाय प्रेशर?" कुंडलिकने विचारलं.

"उतरंल."

"उतरू दे. मना घाई नाय," कुंडलिक म्हणाला. हे पूर्ण खरं नव्हतं. त्याला दोन मुलगे होते आणि बापाच्या डोळ्यांचं ऑपरेशन राहिलेलं. पण म्हणाला तेव्हा मनापासून म्हणाला.

धाकूने दोन दिवस घरात आराम केला. चटईवर पाठ टेकून वाशांकडे बघत पडला. पण पडल्यावर डोक्यात नोकरीच यायची. पास झालो तर, नापास झालो तर. आवडा विहिरीवरून हंडा घेऊन येताना धापा टाकायची, ते कानावर पडायचं. छाती धडधडायची. तिसऱ्या दिवशी तो उठून जगनकडे गेला.

त्याने स्वतःशी नीट विचार केला होता. डॉक्टर म्हणाले जड उचलू नका. तिथे उचलायचं काही नाही. दगदग नको, तिथे बसून राहायचं. आणि गेम सुरू झाला की नोकरी, कुंडलिक, हंडे, सगळं पुसून जायचं. डोक्याला याहून मोठा आराम कुठला? गोळी सकाळी घेतोच आहोत. मीठ बंद आहे. घाम येतो, पण तळहाताला, कपाळाला नाही. आणि भूक लागत नाही, म्हणजे मेहनत नाही. छातीत ठोके पडतात ते नोकरीच्या भीतीचे. दामाजीच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेल्या माणसाने मेहनत आणि आराम यांची वाटणी अशी केली. ज्याने कधी स्टुलावर बसून काम केलं नाही, त्याला स्टुलावर बसून दमता येतं हे माहीत असणार कुठून?

तो रोज जायचा. आवडाला सांगायचा, देवळात बसतो, तिथे वारा असतो. हे खोटं त्याला खोटं वाटत नव्हतं.

दुसऱ्या तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टर दुपारी चारला येणार होते. धाकू सकाळीच अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर पडला. आवडाने बिनमिठाची भाजी-भाकरी बांधली आणि देवळात गेली. देवळात कुणी नव्हतं. पुजारीण म्हणाली, "धाकू? तो कंय येतो इथं? स्टेशनला जातो रोज. माझ्या भावानं बघितलाय, जगनच्या पडद्याआड."

आवडा रिक्षात बसली नाही; चालत गेली, भराभरा. निळा पडदा बाजूला केला. आत आंबूस वास, मशीनचे फाट-फाट आवाज, आणि पडद्याकडे पाठ करून बसलेला आपला नवरा. त्याला ती दिसलीच नाही. ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

नवं लग्न झालेलं तेव्हा एकदा ती डबा द्यायला वागळेला शॉपवर गेली होती. भट्टीपुढे घण मारताना नवऱ्याची मान कशी दिसते ते तिने तेव्हा बघितलं होतं. आता स्टुलावर बसलेल्या माणसाची मान तशीच दिसत होती. शिरा तशाच. जबडा तसाच. शर्ट पाठीला चिकटलेला. उजवा पाय जमिनीत रोवलेला, जणू काही तोलायचं आहे. फक्त घण नव्हता. काच होती, आणि तिच्यात मुंगीएवढी विमानं.

"वहिनी, लेडीज नाय येत इथं," जगन उठत म्हणाला.

"मंग माझा मानूस बाहेर दे. मी जाते."

तिने धाकूच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकून उसळला आणि त्याच्या तोंडून एक शिवी गेली. बायकोला त्याने अशी शिवी कधी दिली नव्हती. मग ओळखलं. काचेत त्याचं विमान फुटलं. आवडाने त्याचा हात हातात घेतला आणि बोटं चाचपली.

"भट्टीवरून यायचात तेव्हा हात तापलेला असायचा तुमचा. हा मेल्यासारखा गार का?"

"काय नाय. बसलोय नुसता. आराम करतोय."

"चारला डॉक्टरकडं जायचं, आनि हा आराम?" तिने त्याचाच हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला. "मोजा."

त्याने मोजलं नाही. हात मात्र काढला नाही. इतके दिवस हे ठोके तो नोकरीच्या नावावर टाकत होता. आता नोकरीची आठवणही नव्हती, आणि ठोके होते.

जगनने पडद्यापर्यंत येऊन म्हटलं, "भोईर, मला माहीत नव्हतं रे आज डॉक्टर आहे."

आवडा म्हणाली, "तुला माहीत असतं तर तू काय मशीन बंद केलं असतंस?" जगन पडदा सोडून आत वळला.

दोघं कंपनीच्या गेटसमोर गुलमोहराच्या सावलीत जाऊन बसली. अजून वेळ होता. आवडाने त्याला झाडाला टेकून बसवलं, पाय लांब करायला लावले, डोळे मिटायला लावले. त्याच्या मनगटावर तिने बोटं ठेवली. नाडी बघायचं तिला शिक्षण नव्हतं. पण गाईच्या मानेवर हात ठेवून ती बिथरली आहे की शांत आहे, एवढं तिला कळायचं. तसंच ती बघत होती. बराच वेळ मनगट उसळत राहिलं. मग हळूहळू थोडं खाली आलं. तिला धीर आला.

"उतरतंय," ती म्हणाली. "बोलू नका."

आणि मग त्याला भूक लागली. रोज घरच्या वाटेवर लागायची तीच, आग पडल्यासारखी. तिने डबा उघडला. त्याने बिनमिठाची भाकरी-भाजी संपवली, बोटं चाटली, आणि रिकाम्या डब्याकडे बघत राहिला.

"आनखी हाय काय?"

"आत्ताच जेवलाव."

"माहीत हाय. तरी पोट ओढतंय. कायतरी खारट पायजे गो."

"चारनंतर खा. नोकरी लागली की मी स्वतः बोंबील तलून घालीन."

त्याने डब्याला झाकण लावलं. थोड्या वेळाने म्हणाला, पाणी पिऊन येतो. गेटच्या कोपऱ्यावर नळ होता आणि नळाशेजारी वडेवाल्याची गाडी. तो परत आला तेव्हा त्याच्या मिशीला लसणाची लाल चटणी लागलेली होती. आवडाने बघितलं. पदराचं टोक ओलं करून पुसलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर पुन्हा ठोके वाढले असते.

चार वाजता डॉक्टरांनी आत बोलावलं. मोठा पट्टा तयार ठेवलेला होता. एकदा बघितलं. पाच मिनिटं निजवलं. पुन्हा बघितलं.

"एकशे पासष्ट. खालचा होता तिथेच आहे." त्यांनी नळी गळ्यात टाकली. "गोळी घेतलीत?"

"रोज."

"मीठ?"

"बंद."

"मग दोन आठवडे केलंत काय?"

"आराम, सायेब."

आवडाबाई दाराबाहेर होती. ती आत आली. "आराम कंय केलात ते सांगा. देवलात? गोल्या वाया घालवल्यात, आता खोटं तरी बोलू नका."

धाकूने मान खाली घालून सांगितलं. जगन, मशीन, विमानं. डबा परत यायचा ते, आणि रात्री जेवण थांबायचं नाही ते. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"रानात वाघ समोर आला तर तुमचं अंग काय करील? हृदय पळेल, रक्त हातापायांकडे जाईल, पोट आपलं काम थांबवेल. वाघासमोर जेवायला कोण बसतो? म्हणून भूक मरते. मग तुम्ही पळाल किंवा भिडाल. तेवढं झालं की अंग खाली येतं. तुम्ही काय केलंत? रोज अंगाला वाघ दाखवलात आणि स्टुलावर बसून राहिलात. पळाला नाहीत, भिडला नाहीत. चढलेलं उतरणार कुठून? आणि घरी गेल्यावर अंग म्हणतं, एवढी लढाई झाली, भरपाई दे. खर्च तर काहीच झालेला नसतो. घण मारत होतात तेव्हा जेवण जळत होतं. आता ते साठतं."

"म्हंजे खेलामुलं झालं?" आवडाने विचारलं.

"एकट्या खेळामुळे, असं मी म्हणणार नाही. वजन आहे, वय आहे, घराण्यात असेल. बेकारीही आहे. पण हे दोन आठवडे उतरायचे होते. त्यात यांनी ते रोज चढवलं."

"आनखी आठ दिवस द्या. मी यांना घरात बांधून ठेवते."

"बाई, मी दिले असते. पण दोनदा हा नियम तुमच्या गावकीने आणि कंपनीने मिळून केलाय. आणि खरं सांगू? आज हा आकडा लपवला आणि हा माणूस टाकीवरून पडला, तर तुम्ही माझ्याच दारात याल."

त्यांनी कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते दोघांनाही वाचायची गरज नव्हती.

गावकी बसली त्या रविवारी, गावदेवीच्या ओट्यावर. पाळी सोडायची रीत अशी होती की ज्या घराची पाळी जाते, त्या घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने पुढच्या घरच्याला नारळ द्यायचा. मनात राग ठेवला नाही, हे चारचौघांना दिसावं म्हणून. धाकू धुतलेला तोच शर्ट घालून आला. नारळ पुढे केला.

कुंडलिकने हात मागे घेतला. "धाकू, मी थांबतो. गावकी म्हनली तर मी वरीसभर थांबतो. तू उतरव प्रेशर."

ओट्यावर कुजबूज झाली. कुंडलिकची बायको बायांच्या बाजूला उभी होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, एवढंच. म्हातारे पंच म्हणाले, "आज याच्यासाठी थांबलो, तर उद्या कोनासाठी नाय थांबायचं? जागा कंपनी थांबवल काय?"

"घे," धाकू म्हणाला. "हात दुखतोय माझा."

एक नारळ धरून त्या माणसाचा हात दुखेल यावर तिथे कुणाचा विश्वास बसला नाही. कुंडलिकने नारळ घेतला. पहिल्या तारखेपासून तो कामावर लागला.

धाकू पुन्हा जगनकडे गेला नाही. आवडाने शपथ घातली होती, पण तिच्यामुळे नव्हे. त्या बोळावरून जाताना मशीनचा आवाज ऐकला की छाती आपोआप धडधडायला लागायची, आणि त्याला ती डॉक्टरची खोली दिसायची. गोळ्या मात्र संपल्यावर त्याने परत आणल्या नाहीत. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला? घाम आणि भूक सोडून अंगाचं दुसरं काही मोजायचं असतं, हे त्याला त्या खोलीत ऐकून कळलं होतं. पण ऐकलेलं अंगात उतरायला जेवढे दिवस लागतात, तेवढे त्याच्याकडे नव्हते. घरात तांदूळ हवा होता.

थंडी पडल्यावर तो खाडीवर, रेतीच्या होड्यांवर गेला. तिथे डुबी मारणाऱ्यांची गरज असायची. बांबूला धरून तळाशी जायचं, लोखंडी बादली रेतीने भरायची, दोरी हलवायची, वर यायचं, आणि श्वास घेऊन पुन्हा खाली. दिवसभर तेच. मुकादमाने धाकूचे खांदे बघितले आणि खुश झाला.

"पोहता येतं?"

"खाडीकडचाच हाय मी."

"काही दुखणंबिखणं?"

धाकूने मागे वळून बघितलं. काठावर आवडाबाई डबा घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. तिने मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. घरी पिठाचा डबा खडखडत होता, आणि हेमाच्या शाळेचं वर्ष अर्ध्यात होतं.

"नाय," धाकू म्हणाला.

दोन हंगाम त्याने डुबी मारली. तिसऱ्या हंगामात एका सकाळी दोरी हलली नाही. वरच्या माणसाने वाट बघितली, मग उडी मारली. धाकूला वर काढलं तेव्हा तो जिवंत होता, पण तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात लोंबत होता. बादली त्याने रेतीने भरलेली होती. ती दुसऱ्या माणसाने वर ओढली आणि होडीत रिकामी केली.